हातचे चार

पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने पाडले.
डावीकडे लाल कोरोला, दोन हजार आठची,
सात हजार दोनशे डॉलर,
मागच्या सीटवर कुणाच्यातरी कुत्र्याचे केस.
उजवीकडे निळी लीफ, जपानहून बोटीने आलेली,
आठ हजार नऊशे.
बटण दाबलं की एक बाई जपानीत
फार अदबीने काहीतरी सांगते.
"काय म्हणते?" मी मेलेनाइतेला विचारलं.
"मला तरी कुठे कळतंय," ती म्हणाली,
"पण अजून कुणाची तक्रार नाही."
ओआमारूतल्या तिच्या यार्डात जुलैचा वारा,
दक्षिणेचा, थेट बर्फाच्या घरून निघालेला;
दोरीवरच्या पताका फाटेस्तोवर वाजत होत्या.

बॅटरीच्या बारा रेघांपैकी नऊ उरल्यात.
माझ्या गुडघ्यांचं विचाराल तर मी सात सांगेन.

पेट्रोल, आठवड्याला पंचेचाळीस.
वीज, रात्रीच्या दराने, आठ.
वर रस्त्याचा कर, किलोमीटरमागे, आगाऊ भरायचा: अठरा.
म्हणजे सुटले एकोणीस.
चाळीस वर्षं मांसाच्या कारखान्यात पगारपत्रकं केली,
माझा ताळा चुकत नाही.
वीस महिन्यांत दोघी बरोबरीत,
एकविसाव्यापासून निळी स्वस्त.
शिवाय कोरोलाचा तो खोकला,
ज्याला ग्रॅहम 'वय' म्हणतो आणि दोनशे घेतो.
शिवाय लीफची बॅटरी, एक ना एक दिवस.
त्या आकड्यापाशी पेन अडलं.
प्रश्नचिन्ह काढलं, मग ते गिरवत बसले,
त्याचा हंस झाला.

आता अंतर.
पूर्ण भरली तर एकशेदहा.
हिवाळा, हीटर, समोरून वारा: नव्वद धरा.
बाजार, दवाखाना, गुरुवारचं बोलिंग, सगळं बसतं त्यात.
पाल्मर्स्टन बसत नाही.
जायला साठ, यायला साठ,
आणि तिथे नोएलीन राहते.

महिन्यातून एकदा जाते मी बहिणीकडे.
लिंबाच्या मुरंब्याची बरणी देते, अंडी घेते,
चाव्या हातातच असतात.
वीस मिनिटं. इंजिन गार व्हायच्या आत परत.
नऊ साली तिनं आईबाबांची कॅरॅव्हॅन
मला न विचारता विकली, तेव्हापासून
आम्ही हवामानावर बोलतो,
आणि हवामान, देवाची कृपा, इथे भरपूर आहे.

निळी घेतली तर तिच्या प्लगावर चार तास.
साधा घरगुती प्लग, खिडकीतून ओढलेली वायर.
दीड डॉलरची वीज: मी दोनचं नाणं ठेवणार,
ती ते माझ्या कोटाच्या खिशात परत टाकणार.
चहा दोनदा. बिस्किटं संपणार.
तिसऱ्या तासाला कुठूनतरी
कॅरॅव्हॅन निघणार, पडद्यांसकट,
ते पिवळे पडदे मीच शिवलेले.

हे चार तास कुठल्या रकान्यात घालू?
डोक्यावर बारीक अक्षरात मांडून ठेवले,
हातच्यासारखे,
पुढच्या घरात मिळवायला विसरू नये म्हणून.

पबच्या मागे वेगवान चार्जर आहे म्हणे,
अर्ध्या तासात काम.
मेलेनाइतेने नकाशावर बोट ठेवून दाखवला.
तो मी कुठेच लिहिला नाही.

घरी येऊन फोन लावला.
"गॅरेजमध्ये प्लग आहे का तुझ्या?"
"आहे. फ्रीझरचा. फ्रीझर काढावा लागेल."
मग: "किती वेळ?"
"चार तास."
वारा ऐकू आला, तिच्याकडचा की माझ्याकडचा
कोण जाणे.
"असं असेल तर," नोएलीन म्हणाली,
"जेवून येऊ नकोस."

मेलेनाइतेने पाचपर्यंत मुदत दिलीये.
सव्वाचार झालेत. पाकीट टेबलावर,
हंस वर करून.
आणि मला उगीचच वाटतंय,
तो कुत्रा कुठल्या जातीचा असेल,
खिडकीतून तोंड बाहेर काढून
कुठवर जाऊन आला असेल.